देश निवडताना मूल कितवीत आहे?

आपल्या श्रीरामपुरात हल्ली घरटी एकदा तरी हा विषय निघतो. कॅनडा की जर्मनी? ऑस्ट्रेलिया की दुबई? लोणीला नर्सिंग केलेली बहीण, पुण्यात कंपनीत लागलेला जावई, आयटीआय करून वायरिंगची कामं घेणारा भाऊ, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एजंटांचे मेसेज पडलेले असतात. आणि आपण बोलतो कधी? रात्री जेवणं उरकल्यावर, ओटा पुसता पुसता, हळू आवाजात. मुलं झोपलीत असं धरून.

मुलं झोपलेली नसतात हो.

ओळखीच्या एका घरातला तिसरीतला मुलगा सकाळी दप्तर भरता भरता आईला म्हणाला, "माझी सायकल कोणाला द्यायची?" दारात रिक्षावाले काका हॉर्न देत होते, डब्याचं झाकण बसत नव्हतं. "कशाला द्यायची? राहू दे की," म्हणून आईनं त्याला पिटाळलं. संध्याकाळी बघते तर पोरानं सायकल धुऊन पुसून ठेवलेली, सीट पार खाली केलेली, आणि शेजारचं पिल्लू तिच्यावर बसवून बघणं चाललेलं. पाय टेकतात का ते. तेव्हा तिला कळलं, की याला सगळं ठाऊक आहे. फक्त कुणी सांगितलेलं नाही.

आपण सगळेच असं करतो. "नक्की झालं की सांगू, आत्तापासून कशाला डोक्याला ताप." हेतू चांगलाच असतो. पण अर्धवट ऐकलेलं मूल उरलेलं स्वतः जुळवतं, आणि ते फार भीतीदायक असतं. पप्पा एकटेच जाणार का? आजीला इथंच सोडणार का? मला तिथलं बोलता आलं नाही तर शाळेत घेणार नाहीत का? हे प्रश्न ते विचारत नाही. पोट दुखतं म्हणतं, गृहपाठाला टाळाटाळ करतं, आणि थकून आलेले आपण चिडतो.

म्हणून "अजून ठरलेलं नाही, पण आम्ही विचार करतोय" एवढं तरी त्याला सांगून टाकावं. मात्र "तुला कुठला देश आवडेल?" असं विचारू नये, असं मला मनापासून वाटतं. बर्फाचे फोटो बघून ते कॅनडा म्हणणार, आणि आपण मस्कतला गेलो तर आपलं कुणी ऐकलंच नाही असं त्याला वाटणार. निर्णय आपला, त्याचं ओझंही आपलंच. त्याला एवढंच विचारावं, की इथलं काय काय सोडवत नाही, आणि तिथलं काय अवघड वाटतंय. मग गप्प बसून ऐकावं. घाईच्या दिवसात हेच सगळ्यात कठीण जातं.

आता देशांचं. आपल्या वहीत पगार असतो, घरभाडं असतं, पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना किती वर्षांत ते असतं, थंडी असते. मुलाचं वय आणि इयत्ता या रकान्यात क्वचितच कुणी काही लिहितं. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

जर्मनीचं बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल तरुण पाठवायचे ठरलं, नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, हॉटेलातली माणसं. तेव्हापासून आपल्याकडे जर्मन शिकणारे वाढले. भाषेची परीक्षा आपण देतो, पण मुलाचं काय? तिथं सरकारी शाळेला फी नाही, ही मोठी सोय. पण शिक्षण जर्मनमध्ये, आणि बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. कुणी विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियममध्ये जातं, कुणी दुसऱ्या प्रकारच्या शाळेत. पुढे वाट बदलता येते, दार कायमचं बंद होत नाही. तरी बालवाडीच्या वयात गेलेलं मूल खेळता खेळता भाषा उचलतं, आणि चौथीत जाऊन पोचलेल्या मुलाच्या वाट्याला भाषा आणि निवड एकदमच येते. आपल्या वर्गात पहिल्या पाचात असलेली मुलगी तिथं महिनोन्महिने मुकी बसते. तिची हुशारी कुठं गेलेली नसते, फक्त ती दाखवायला तिच्याकडे शब्द नसतात. हे आपण तिला आधीच सांगितलं, तर ती स्वतःला "ढ" समजणार नाही.

आखातात याच्या उलट. दुबई, मस्कत, दोहा इथं सीबीएसईच्या शाळा आहेत, भारतातलीच पुस्तकं, वर्गात आपल्याकडचीच मुलं. आठवी-नववीतल्या मुलाला हा बदल सोसतो. पण फी आपल्या खिशातून, आणि तिथं मुक्काम बापाच्या नाहीतर आईच्या नोकरीवर टांगलेला. नोकरी गेली की घर गुंडाळायचं. पाच-सात वर्षं कमवून परत यायचं ठरलेलं असेल तर आखात चांगलं. मुलं तिथंच मार्गी लागावीत अशी इच्छा असेल तर नाही.

अमेरिकेत आई किंवा वडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असले तर मुलाचा एच-४ व्हिसा २१ व्या वर्षी संपतो. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे, की बाराव्या वर्षी नेलेलं मूल रांगेत असतानाच मोठं होऊन बसतं, आणि मग त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून एमएस्सी-एमबीएसारख्या अभ्यासक्रमाला गेलेल्यांना मुलाबाळांना सोबत नेता येत नाही. "आधी मी शिकायला जातो, मागून तुम्ही या" हा बेत तिथं चालत नाही. ऑस्ट्रेलियात काही राज्यं तात्पुरत्या व्हिसावरच्या मुलांकडून सरकारी शाळेतही फी घेतात. हे नियम बदलत राहतात, म्हणून एजंटाच्या तोंडी शब्दावर न जाता त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः बघावं.

आणखी एक रकाना घाला: दोघांनाही काम करता येईल का? जर्मनीच्या ब्लू कार्ड या नोकरीच्या परवान्यावर गेलेल्याच्या जोडीदाराला लगेच नोकरीची मुभा आहे. अमेरिकेत एच-४ वरच्या जोडीदाराचं तसं सहज होत नाही. इथं शाळेत शिकवणारी किंवा बँकेत असणारी आई तिथं वर्षानुवर्षं घरात बसली, तर तिची घुसमट सगळ्यात आधी मुलाला कळते.

आपल्या पोटातली भीती मला कळते. मागं राहिलेल्या आईवडिलांची दुखणी, गाडीचे हप्ते, आणि जमलं नाही तर परत आल्यावर लोक काय म्हणतील. पण आपलं गावच बाहेरून आलेल्यांचं. प्रवरेचे कालवे आले, हरेगावचा साखर कारखाना आला, फाळणीनंतर सिंधी-पंजाबी कुटुंबं आली, आणि बेलापूर स्टेशनाभोवती हे श्रीरामपूर वाढलं. त्यांचीही पोरं कधीतरी वर्गात नवी होती. रुजायला वेळ लागला, तेवढा आपल्या मुलांनाही द्यावा लागेल. पहिल्या वर्षाच्या मार्कांवरून काही ठरवू नका.

देश पक्का झाला, की विमानाच्या तिकिटाआधी शाळेची तारीख बघा. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होते, ऑस्ट्रेलियात जानेवारीअखेर, आखातातल्या सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये. तारखा जुळत असतील तर आपल्याकडे वार्षिक परीक्षा होऊ द्या, वर्गातल्या मित्रांचा निरोप नीट घेऊ द्या, आणि जमलं तर शाळा उघडायच्या महिनाभर आधी तिथं पोचा. नोकरीची तारीख आडवी येत असेल तर एकानं पुढं जावं, दुसऱ्यानं मुलांसोबत मागून. आणि सायकल कोणाला द्यायची, ते मुलालाच ठरवू द्या.