फोन तिचा, बोटही तिचंच



प्रत्येक गटात एक जण अशी असतेच, जिच्याकडे सगळ्या फोन घेऊन येतात. "ताई, जरा बघ की गं, पैसे जमा झाले का?" "वहिनी, तेवढं केवायसी करून द्या." "पोराचा फॉर्म भरायचाय, ओटीपीच येईना." आमच्या गटात ती मी. बारावी आणि एमएस-सीआयटी, एवढंच माझं भांडवल.

२०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा आमच्या ओसरीवर रांग लागायची. तेव्हापासून सगळीच कामं माझ्याकडे यायला लागली. घाईघाईत मी दोन चुका केल्या. कुणाच्या गॅसच्या, कुणाच्या बँकेच्या कागदावर माझाच मोबाइल नंबर दिला. आणि विसरायला नको म्हणून सगळ्यांचे पिन एका वहीत लिहून ठेवले.

पुढे एका काकूंच्या खात्यातून ३,००० रुपये गेले. पिन माझ्या वहीत. त्यांचा फोन दर दोन दिवसांनी माझ्या हातात. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण बैठकीला गेले की बोलणं थांबायचं. शेवटी बँकेतून खात्याचा उतारा काढला, त्यात तारीख आणि वेळ होती. मग काकूंना आठवलं. कुणाचा तरी फोन आला होता, "पैसे जमा करतो, पिन टाका." त्या वेळी मी खुरपणीला होते. शंका मिटली, पण ते पंधरा दिवस मी विसरणार नाही. घरी येऊन वही चुलीत घातली. त्यानंतर जे नियम केले, ते आज सांगते.

१. फोन तिच्या हातात राहू द्या. आपण शेजारी बसून सांगायचं, बटण तिनं दाबायचं. वेळ जास्त लागतो, खरंय. पण पहिल्यांदा ती बघते, दुसऱ्यांदा विचारत विचारत करते, तिसऱ्यांदा स्वतः करते. आपणच करून दिलं, तर ती वर्षभर येत राहते.

२. पिन टाकताना तोंड फिरवा. ती म्हणेल, "तुझ्यापासून काय लपवायचं?" तरी फिरवा. हा अविश्वास नाही. उद्या काही झालं, तर दोघींचं नातं यामुळेच वाचतं. आणि दरवेळी एक गोष्ट सांगा. पैसे पाठवताना आणि शिल्लक बघताना पिन लागतो, पैसे येण्यासाठी कधीच लागत नाही.

३. नंबर तिचाच द्या. आपला नंबर दिला, की तिचे ओटीपी आणि बँकेचे मेसेज आपल्याकडे येतात. मी माहेरी गेले होते, तेव्हा एकीचं काम चार दिवस अडलं होतं. तिच्याकडे फोन नसेल, तर घरातल्या तिच्या विश्वासाच्या माणसाचा नंबर तिला विचारून द्या.

४. "मला माहीत नाही" म्हणायला लाजू नका. अंदाजानं बटणं दाबण्यापेक्षा बँक सखी, बँकेची शाखा किंवा सेवा केंद्र गाठलेलं बरं. बँकेचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधू नका, तिथं खोटे नंबरही असतात. पासबुकावरचा किंवा एटीएम कार्डामागचा नंबर घ्या. अनोळखी माणूस फोनवर एखादं ॲप घ्यायला सांगत असेल, तर फोन ठेवून द्या.

५. आपल्या वेळेलाही किंमत आहे. भाकरी तव्यावर असताना कुणी फोन पुढं केला, तर मी पूर्वी तवा उतरवायची. आता आमच्या गटानं ठरवलंय, मासिक बैठकीनंतर अर्धा तास मोबाइलच्या कामासाठी. तातडीचं असेल तरच घरी यायचं. सेवा केंद्रात आपण पैसे देतो, मग गटातल्या बाईचा वेळ फुकट कसा? आमच्या गटात तिला दर महिन्याच्या रिचार्जचे पैसे मिळतात. तुमच्या गटात काय जमेल, ते तुम्ही ठरवा.

पैसे गेलेच तर?

रडत बसू नका आणि लाजेनं लपवूही नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. ही सायबर फसवणुकीची सरकारी मदतवाहिनी आहे. बँकेलाही लगेच कळवा आणि खात्याचे व्यवहार थांबवायला सांगा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढं जाण्याआधी अडण्याची शक्यता जास्त. आलेले मेसेज पुसू नका, तोच पुरावा असतो. काकूंनी घरच्यांच्या धाकानं आठ दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांचे पैसे काही परत आले नाहीत.

पण त्याच काकू आता स्वतः शिल्लक बघतात. परवा त्यांच्या जावेला शेजारी बसवून शिकवत होत्या. जावेनं पिन टाकायला घेतला, तशी काकूंनी मान भिंतीकडं वळवली.

बैठकीत चर्चा करा
• आपल्या गटात कुणाचा पिन दुसरीला माहीत आहे? आजच बदलून घ्या.
• आपल्या बँकेच्या खात्याला कुणाचा नंबर जोडला आहे? प्रत्येकीनं तपासा.
• आपल्याला मदत करणाऱ्या ताईच्या वेळेचा गट कसा विचार करेल?
• १९३० हा क्रमांक प्रत्येकीनं फोनमध्ये जतन करा आणि गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.