पिकअपचा गंजलेला पत्रा

मालवणहून मासळी नेणारी पिकअप पाहा. पेट्यांतून बर्फाचे खारे पाणी गळते आणि हौद्याच्या सांध्यांत साचते. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरतो. मिठाने तो लवकर वाढतो. रंगाला फोड आला की आतला पत्रा खाल्ला गेला, असे समजावे.

नवा भाग महाग पडतो. म्हणून आपण भंगारात दरवाजा, फाळका शोधतो. आम्हीही एकदा असाच दरवाजा आणला. रंग झकास! पहिल्याच पावसाळ्यात खालची कड गळून पडली. आत नुसती लांबी भरलेली होती. तेव्हापासून आम्ही खिशात लोहचुंबक ठेवतो. तो पत्र्याला चिकटतो, लांबीला चिकटत नाही. जमले तर घाटावर, कोल्हापूरकडे चाललेल्या गाडीचा भाग घ्यावा. तिकडे खारा वारा नाही.

हौद्याला जस्ताचा मुलामा असलेला पत्रा बरा. जाडी मूळ पत्र्याइतकी हवी. वेल्डिंगपूर्वी सांध्याजवळचे जस्त घासून काढायला सांगा. जळत्या जस्ताचा धूर छातीत गेला, तर ताप भरतो. घासलेल्या जागेवर मागाहून जस्ताचा रंग द्यावा.

चासीची गोष्ट निराळी. हातोडीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला, खपल्या सुटल्या, तर वर पातळ ठिगळ लावू देऊ नका. मिस्त्री म्हणेल, "काय होवचा नाय, मास्तरांनू." पण भरली गाडी घाट उतरते, तेव्हा सारा भार चासीवर असतो. आणि पेट्यांशेजारी पुष्कळदा माणसेही बसलेली असतात.