हरवलेली पत्रे आणि तुटलेली सूची

ग्रंथालयाची सूचीपत्रे विस्कटली, तरी ग्रंथ फळीवरच असतात. ते सापडेनासे होतात इतकेच. क्लासिक आउटलुक या ई-मेलच्या आज्ञावलीतही असेच घडते. तिची पत्रे व फोल्डर पीएसटी नावाच्या एकाच फाइलीत साठविता येतात, आणि कोणता मजकूर कोठे आहे हे त्या फाइलीतील सूची सांगते. लेखन चालू असता वीज गेली, तर ही सूची तुटू शकते. १९९७ ते २००२ या काळातील आवृत्त्यांत फाइल २ गिगाबाइटपलीकडे गेली की ती उघडेनाशी होई. हा दोष घडणीतलाच होता. २००३ च्या आवृत्तीत ती घडण बदलली.

दुरुस्तीसाठी स्कॅनपीएसटी हे साधन आउटलुकबरोबरच मिळते. ते मूळ फाइलीतच फेरफार करते; म्हणून आउटलुक बंद करून आधी प्रत घेतल्यावाचून त्यास हात लावू नये. हे साधन फाइलीचे भाग तपासून सूची पुन्हा बांधते. ज्या पत्राचा फोल्डर ओळखता येत नाही, ते 'लॉस्ट अँड फाउंड' या फोल्डरात ठेविले जाते. तेथून हाती लागलेली पत्रे नव्या पीएसटी फाइलीत हलवावी, आणि पुढील पत्रव्यवहार तिच्यातच ठेवावा.