परदेशातील ग्रामीण चिकित्सालयात सेवा : वैद्याची पूर्वतयारी

नेपाळ, श्रीलंका आदी देशांत यात्रेस वा पर्यटनास गेले असता तेथील एखाद्या ग्रामीण चिकित्सालयात आठ-पंधरा दिवस विनामूल्य रुग्णसेवा करावी, अशी इच्छा अनेक वैद्यबंधू व्यक्त करतात. इच्छा स्तुत्य आहे. परंतु सद्हेतू म्हणजे पात्रता नव्हे. सेवेचे खरे मूल्य ती घेणाऱ्याच्या बाजूने ठरते, आणि ती बाजू आपल्या मराठवाड्याने अनुभवली आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. बाहेरून आलेल्या चिकित्सकांनी त्या वेळी अनेकांचे प्राण वाचविले, हे ऋण विसरता येणार नाही. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आमच्या आप्तांपैकी एका वृद्धेजवळ कागदाच्या पुडीत गोळ्या होत्या. पुडीवर नाव नव्हते, मात्रा नव्हती. देणारे पथक परतले होते. गोळ्या चालू ठेवाव्यात की थांबवाव्यात, हे घरात कोणालाच सांगता येईना. पुढे वैद्यकीय शिक्षण घेताना त्या पुडीचा अर्थ आम्हांस कळला.

याउलट उदाहरण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. ते आधुनिक वैद्यकाचे पदवीधर. १९३८ साली भारतातून चीनमध्ये गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते व नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस चिनी भाषा शिकले, ग्रामीण युद्धक्षेत्रात राहिले, १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि तेथील विद्यार्थ्यांना शिकवीत राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. परंतु त्यांनी शिकविलेले विद्यार्थी मागे उरले. एवढा त्याग सर्वांना शक्य नाही. तथापि आपण निघून गेल्यावर मागे काय उरेल, हा विचार प्रत्येकास शक्य आहे. त्या दृष्टीने पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

१) अधिकार : आपली नोंदणी परदेशात आपोआप लागू होत नाही. नेपाळ व श्रीलंका येथे आयुर्वेदाच्या स्वतंत्र परिषदा आहेत; त्यांची लेखी अनुमती आधी घ्यावी. अमेरिकेत तर आयुर्वेद चिकित्सकास कोणतेही राज्य परवाना देत नाही. पर्यटक व्हिसावर सेवाकार्य चालते का, हे दूतावासास विचारावे. अनुमती नसल्यास रुग्णाच्या नाडीला हात लावू नये. औषधी भांडार लावणे, नोंदी ठेवणे, स्थानिक वैद्यांकडून वनस्पती ओळखून घेणे, हीही सेवाच आहे.

२) देश व सात्म्य : चरकाचार्यांनी विमानस्थानात परीक्ष्य भावांमध्ये देशाचा समावेश केला आहे, त्यात भूमी आणि आतुर दोन्ही येतात. आपण सवयीने ज्वारीची भाकरी व ताक हे पथ्य लिहितो. श्रीलंकेतील भात-नारळ सात्म्य असलेल्या, आनूप देशातील रुग्णास त्या पथ्याचा काय उपयोग? लातूर-नांदेडच्या रुक्ष, उष्ण हवेत बसविलेली मात्रा तेथे जशीच्या तशी वापरू नये. पहिले दोन दिवस केवळ निरीक्षणास द्यावेत.

३) भाषा : दुभाष्याविना प्रश्नपरीक्षा करू नये. रुग्णाने मात्रा व काल स्वतःच्या शब्दांत परत सांगितल्यावरच औषध द्यावे.

४) औषध : येथून पिशवी भरून औषधे नेऊ नयेत. बोस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून परदेशात आपल्या औषधांकडे साशंकतेने पाहिले जाते. रसौषधी व विषद्रव्ययुक्त कल्प अल्पकालीन शिबिरात वर्ज्यच समजावेत. औषधी विक्रेत्यांनीही अशा वैद्यास सुटी चूर्णे बांधून देऊ नयेत. घटकद्रव्ये, बॅच क्रमांक व मुदत छापलेले मोहोरबंद पॅकच द्यावे. शक्यतो तेथेच मिळणारे द्रव्य योजावे, म्हणजे चिकित्सा खंडित होणार नाही.

५) नोंद : प्रत्येक रुग्णाची निदान, औषध, मात्रा व थांबविण्याचा दिवस यांची नोंद तेथील भाषेत लिहवून घ्यावी. एक प्रत रुग्णास, एक चिकित्सालयास द्यावी. ज्या विकाराचा पाठपुरावा करता येणार नाही, त्याची चिकित्सा आरंभू नये. रुग्ण स्थानिक वैद्याच्या स्वाधीन करावा.

चतुष्पादात भिषक् हा एक पाद आहे. द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे उरलेले तीन पाद त्या गावीच राहणार असतात. ते समर्थ करून परतणे, हीच प्रवासी वैद्याची सेवा होय. नाव नसलेली पुडी मात्र कोणाच्याही हाती ठेवू नये.