भरल्या घरात बाळ कुणाकडे?

डिसेंबर लागला की दवाखान्यात येणाऱ्या आयांचे प्रश्न बदलतात. केक दिला तर चालेल का, रात्रीच्या मिस्साला चर्चमध्ये नेलं तर सर्दी होईल का, आजी ब्रँडीचे दोन थेंब द्या म्हणते ते द्यावेत का. पहिल्या दोन प्रश्नांनी मी फारसा काळजीत पडत नाही. केकचा एक घास किंवा वसईतली डिसेंबरची थंडी यांनी एक ते तीन वर्षांच्या धडधाकट मुलाचं सहसा काही बिघडत नाही. काळजी वाटते ती भरलेल्या घराची. नाताळात घरात दहा मोठी माणसं असतात आणि प्रत्येकाला वाटतं, बाळ दुसऱ्या कुणाकडे आहे. आजीला वाटतं आईकडे, आईला वाटतं मावशीकडे, आणि मावशीने त्याला केव्हाच खाली सोडलेलं असतं.

म्हणून माझा पहिला सल्ला औषधाचा नाही. बाळ सांभाळण्याची जबाबदारी तोंडाने सांगून दुसऱ्याकडे द्या. 'आता बाळ तुझ्याकडे' असं म्हणायचं आणि समोरच्याने 'हो, माझ्याकडे' म्हणायचं. अर्ध्या-पाऊण तासाने माणूस बदला. ज्याच्याकडे बाळ आहे त्याच्या हातात त्या वेळी मोबाइल नको आणि ग्लासही नको. वडील, काका, मामा यांनाही ही जबाबदारी द्या. आई स्वयंपाकघरात असताना बाळ तिच्याच नजरेखाली असावं ही अपेक्षा धोक्याची आहे.

आता बाळ ज्याच्याकडे आहे त्याच्या नजरेने काय शोधायचं ते सांगतो. सर्वांत आधी सांगायची ती बटणासारखी चपटी बॅटरी. उघडल्यावर गाणं वाजवणारं शुभेच्छापत्र, लुकलुकणारी सांताची टोपी, चमकणारे बूट, वाऱ्याने न विझणाऱ्या प्लॅस्टिकच्या मेणबत्त्या, रोषणाईचा छोटा रिमोट, या सगळ्यांत ती असते. नाताळात ती घरात जेवढी येते तेवढी वर्षभरात येत नसेल. मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर ओलसर अस्तराशी तिचा विद्युतप्रवाह सुरू होतो, तिथे तीव्र अल्कली तयार होतो आणि दोन तासांत खोल भाजतं. खेळणं बंद पडलं म्हणून काढलेल्या बॅटरीतही एवढं करण्याइतकी ताकद उरलेली असते. सर्वांत धोकादायक आहे ती साधारण 20 मिलिमीटर व्यासाची, तीन व्होल्टची लिथियम बॅटरी, कारण ती लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमकी अडकते. सुरुवातीला मूल अगदी हसत-खेळतही असू शकतं. कधी फक्त लाळ गळते, कधी मूल घास नाकारतं, कधी खोकतं.

नुसती शंका आली तरी उलटी करवू नका आणि जेवू घालू नका, लगेच एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. मूल एक वर्षाहून मोठं असेल, नीट गिळत असेल आणि बॅटरी गिळून 12 तासांहून कमी वेळ झाला असेल तर वाटेत मध द्या. दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे 10 मिलिलिटर, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने अन्ननलिकेचं भाजणं थोडं मंदावतं. तो उपचार नव्हे, म्हणून मध शोधण्यात वेळ घालवू नका. वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कधीही नको. बॅटरी नाकात किंवा कानात घातली असेल तर कुठलेही थेंब टाकू नका, त्यांनी भाजणं वाढतं. स्क्रूने बंद होत नाही असं बॅटरीचं खेळणं या वयाच्या घरात आणूच नका, आणि पाहुण्यांनी आणलं तर संकोच न करता वर ठेवून द्या.

दुसरी गोष्ट फराळाच्या ताटातली. काजू, बदाम, शेंगदाणे, चणे अख्खे असतील तर पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नका. त्याला दाणा नीट चावता येत नाही आणि हसता-पळताना तो श्वासनलिकेत जातो. कडक तळलेली कलकलं, चिक्की आणि गोल गोळ्या यांचंही तेच. द्राक्षं उभी चार फोडी करून द्या. नेवरीतलं ओलं सारण, दोदोलचा किंवा पेरूच्या चिकट वडीचा नखाएवढा तुकडा, दुधात भिजवलेला साधा केक हे बसून, मोठ्या माणसासमोर चालेल. दोन वर्षांखाली वरून साखर घातलेलं खाणं शक्यतो टाळावं हा नियम आहे, पण सणाच्या दिवशीच्या एका घासावरून आजीशी भांडू नका. आधी पोटभर वरण-भात भरवा, मग गोडाची वाटी दाखवा.

घशात अडकलं आणि मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या. आवाजच निघत नसेल, ओठ निळसर होत असतील तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्या. तेवढ्याने निघालं नाही तर मागे गुडघे टेकून बसा आणि बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून पाच वेळा आत आणि वर दाब द्या. हे आलटून-पालटून करत राहा आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा. वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर दाबायचं नाही. पाठीवर थापा आणि छातीच्या मधोमध दाब द्या. घशात काही दिसत नसताना बोट फिरवू नका, अडकलेलं आणखी आत जातं. आणि खाताना ठसका लागून मूल नंतर शांत झालं, पण दोन-चार दिवसांनी खोकला किंवा घरघर सुरू झाली, तर डॉक्टरांना ठसक्याची गोष्ट आवर्जून सांगा. ती न सांगितल्यामुळे फुप्फुसात अडकलेला दाणा न्यूमोनिया समजून औषधं चालू राहतात.

आता ब्रँडीचे थेंब. थंडी पळते, सर्दी निघते, झोप लागते, असं आमच्याकडे अजूनही म्हणतात. ते देऊ नका, एकही थेंब नको. लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो. मद्याने रक्तातली साखर एकदम खाली जाते, मूल गुंगतं, त्याला झटकाही येऊ शकतो. याहून मोठा धोका आहे सकाळचा. मध्यरात्रीच्या मिस्सानंतर मंडळी उशिरा झोपतात, पण मूल नेहमीप्रमाणे सहाला उठतं, आणि त्याच्या उंचीच्या टेबलावर घरच्या वाईनचे, रमचे उष्टे ग्लास असतात. गोड वास असतो, ते पितं. म्हणून कितीही दमलात तरी ग्लास विसळून आणि बाटल्या कुलपात ठेवूनच आडवे व्हा. मूल प्यायलं असेल, डोलत असेल, जास्त झोपत असेल तर 'झोपून उतरेल' म्हणून थांबू नका. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र दिवसरात्र 1800 116 117 या क्रमांकावर सल्ला देतं, पण मूल गुंगीत असेल तर फोनआधी रुग्णालय.

तळण मूल झोपल्यावर करा. कलकलं वळायला मात्र त्याला जरूर बसवा, पिठाचा गोळा आणि काटाचमचा द्या, त्याची वाकडीतिकडी कलकलं वेगळी ठेवा. भाजलंच तर नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली पूर्ण 20 मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही नको. चेहरा, हात, पाय किंवा जांघ भाजली असेल, किंवा जखम मुलाच्या तळहाताहून मोठी असेल, तर रुग्णालयात न्या.

नाताळात मांडायच्या गोठ्याबद्दल माझं मत ठाम आहे. 'हात लावू नको' म्हणत मुलाला दिवसभर गोठ्यापासून दूर ठेवू नये. संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेच्यो गावी खरा बैल आणि गाढव आणून गोठ्याचा देखावा केला, तो साध्या माणसांना प्रसंग डोळ्यांनी पाहता यावा म्हणून. दीड वर्षाचं मूल हातांनी पाहतं. काचेच्या आणि प्लास्टरच्या मूर्ती वर ठेवा, आणि खाली त्याच्यासाठी कापडाचा किंवा लाकडाचा बाळ येशू, मरिया, योसेफ आणि दोन मेंढरं असा छोटा गोठा मांडा. मूर्ती मुलाच्या मुठीपेक्षा मोठ्या हव्यात. गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाताळाच्या आठ-दहा दिवस आधी एका ताटात नाचणी पेरून रोज त्याच्या हातून पाणी शिंपडवा. सुका पेंढा असेल तिथे खरी मेणबत्ती लावू नका. सुरूची फांदी किंवा झाड भिंतीला बांधून ठेवा, दिव्यांच्या माळा सुट्या जोडाच्या नकोत आणि घरात ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवलेला असावा. थर्मोकोलच्या गोळ्या आणि कापसाचा बर्फ मुलाच्या हाताला लागू देऊ नका.

झोपेचं म्हणाल तर एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून 11 ते 14 तास झोप लागते. दुपारची झोप मोडून रात्री मिस्साला नेलं की ते रडतं आणि तुम्हीही प्रार्थनेत राहत नाही. 25 तारखेला सकाळीही मिस्सा असते, तिथे न्या. सांताला पाहून मूल भेदरलं तर फोटोसाठी त्याला मांडीवर बसवू नका, तुमच्या कडेवरूनच पाहू द्या. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याने गालाची पापी घ्यायची नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच हसत सांगावं, म्हणजे सुनेवर वेळ येत नाही.

6 जानेवारीला तीन राजांचा सण झाला की तारा उतरतो, माळा गुंडाळल्या जातात. त्या दिवशी सगळ्या खेळण्यांतल्या आणि रिमोटांतल्या बॅटऱ्या मोजून बाहेर काढा. प्रत्येक बॅटरीवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि त्याच दिवशी घराबाहेर काढा, खणात टाकू नका. आणि एखादी कमी भरली, तर ती घरात शोधत बसण्याआधी मुलाला एक्स-रेसाठी घेऊन या. आम्ही सणाच्या रात्रीही दारात उभे असतो.