सामान अडवून जादा पैसे मागितले तर?

प्रश्न : पुण्याहून बंगळुरूला घर हलवताना फोनवर १८ हजार ठरले. आता टेम्पो दारात उभा आहे आणि ‘सामान जास्त निघालं, ३१ हजार द्या, मगच उतरवू’ म्हणतात. काय करावे? – एक वाचक

उत्तर : घर न पाहता फोनवर सांगितलेला दर बहुतेकदा गळच असतो. तुम्ही तो गिळलात, पण हात टेकण्याची वेळ अजून आलेली नाही. ठरलेली रक्कम द्यायची तयारी व्हॉट्सॲपवर लेखी कळवा. जादा मागणीचा हिशेब लेखी मागा. त्यांनी मालच सोडला नाही, तर पोलिसांकडे जा. ‘हा दिवाणी मामला’ असे ऐकवले जाईल. तरी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. नाइलाजाने पैसे द्यावेच लागले, तर रोख नकोत. बँकेतून द्या आणि ‘हरकत नोंदवून देत आहे’ असा संदेश पाठवा.

पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मिटले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता तिथेही करता येते, त्यामुळे बंगळुरूतच दाद मागा. कंपनीचे कार्यालय पुण्यात असले तरी चालते.

बिलात ‘विमा’ म्हणून पैसे लावले असतील, तर विमा कंपनीची पॉलिसी मागा. अनेकदा ती नसतेच, पैसे सरळ खिशात जातात. आणि फुटतुटीची तपासणी होईपर्यंत ‘माल सुस्थितीत मिळाला’वर सही करू नका, हमाल कितीही घाई करोत.