विद्या कोणाची? – पॅरामेडिकच्या जन्माची कथा

'पॅरामेडिक' म्हणजे डॉक्टर नव्हे. परंतु रोगी रुग्णालयात पोचेपर्यंत त्याचा जीव ज्याच्या हाती असतो, तो प्रशिक्षित माणूस. १०८ क्रमांक फिरवला की रुग्णवाहिका येते, हे आज आपण गृहीत धरतो. पण हे काम कोणाला शिकवता येते, हा एके काळी मोठाच प्रश्न होता.

डॉ. पीटर सफार हे भूलतज्ज्ञ. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे त्यांनी एक धाडसी प्रयोग केला. स्वयंसेवकांना गुंगी देऊन, औषधाने त्यांचा श्वास थांबवून, सामान्य माणसांकडून त्यांना तोंडाने श्वास देवविला. प्रयोग यशस्वी झाला. जीव वाचवण्याची ही विद्या पदवीची मिंधी नाही, हे सिद्ध झाले.

पुढे सफार पिट्सबर्गला आले. त्या काळी तेथे रोग्याला बहुधा पोलिसांच्या गाडीतून नेत. वाटेत उपचार जवळजवळ नसतच. 'हिल डिस्ट्रिक्ट' या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तर गाडी येईलच याचाही भरवसा नसे. १९६७ मध्ये 'फ्रीडम हाऊस' या संस्थेने याच वस्तीतील बेकार तरुण निवडले. काहींचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. सफार यांच्या योजनेनुसार त्यांना सुमारे ३०० तास शरीररचना, हृदयक्रिया पुन्हा चालू करणे, प्रथमोपचार आदी विषय शिकवण्यात आले. जगाने 'निरुपयोगी' ठरवलेले हे तरुण अमेरिकेतील पहिल्या पॅरामेडिकांत गणले जातात. पुढे त्यांच्या वैद्यकीय प्रमुख झालेल्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी देशभरासाठी पॅरामेडिकचा अभ्यासक्रम लिहिला, त्यामागे या तरुणांसोबतचा अनुभव होता.

परंतु १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद पडले. नव्या सेवेत गेलेल्यांपैकी अनेकांना दुय्यम कामे मिळाली. कित्येक बाहेर पडले. ज्यांनी धडा घालून दिला, त्यांनाच वर्गाबाहेर बसावे लागले!

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून ही कथा मला अधिक भिडते. संधी व शिस्तबद्ध शिक्षण मिळाले, तर माणूस कोठल्या घरात जन्मला हे आड येत नाही, हा तिचा पहिला बोध. दुसरा बोध अधिक कठीण आहे. नुसते शिकवून भागत नाही. शिकलेल्याला मानाची जागाही द्यावी लागते. रोज मृत्यूशी झुंजणाऱ्या माणसाचे मन कामाच्या ओझ्याने थकते, तसेच अवहेलनेनेही खचते. दुसऱ्याचा श्वास सांभाळणाऱ्याला स्वतः मोकळा श्वास घेता आला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.